तेलाची कुपी लांब ठेवा

जुना कॅमेरा बंद पडला की घरातला कोणीतरी हौशी माणूस शिलाई मशीनच्या तेलाची कुपी शोधायला उठतो. दाराची बिजागरी कुरकुरली, पंखा जड फिरू लागला, सायकलची चेन घासू लागली की तेल सोडायचं, हे आपल्या हाताला इतकं सवयीचं आहे की कॅमेऱ्याला वेगळा न्याय असेल असं मनातही येत नाही. तेल सोडल्यावर शटर दोन-चार वेळा चालतंही. मग मात्र ते असं चिकटतं की आधीचा कॅमेरा बरा होता म्हणायची पाळी येते. कारण फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्याचं शटर अडकतं ते बहुतेक वेळा तेलापायीच: कारखान्यात घातलेल्या, पन्नास-साठ वर्षांत घट्ट झालेल्या आणि जिथे जायला नको तिथे पसरलेल्या तेलापायी.

हे ध्यानात आलं की दुरुस्तीची दिशाच बदलते. मोडलेला भाग शोधून बदलण्याचे प्रसंग फार थोडे. साचलेलं काढायचं, पुसायचं, वाळू द्यायचं आणि मूळच्या यंत्राला त्याचं काम करू द्यायचं, यातच बरंचसं काम होऊन जातं. पण त्यासाठी हे यंत्र करतं काय, ते आधी समजून घ्यावं लागतं.

झाकणापासून शटरपर्यंत

छायाचित्रणाच्या पहिल्या काही दशकांत शटरची गरजच नव्हती. १८३९ साली डागेरोटाइपची पद्धत जाहीर झाली तेव्हा एका चित्राला काही मिनिटं लागत. १८५१ मध्ये आलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीने हा वेळ सेकंदांवर आणला. फोटोग्राफर लेन्सचं झाकण काढायचा, मनात आकडे मोजायचा आणि झाकण परत लावायचा. दहाऐवजी अकरा सेकंद झाले तरी काही बिघडत नसे.

१८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली. त्या दशकाच्या अखेरीस या प्लेटा इतक्या संवेदनशील झाल्या की भर उन्हात सेकंदाचा लहानसा अंशही पुरू लागला. एवढ्या वेळात झाकण काढून लावणं माणसाच्या हाताला जमणारं नव्हतं. तिथून शटर हे स्वतंत्र यंत्र झालं, आणि ते अचूक कसं करायचं यावर कारागिरांची डोकी चालू लागली.

म्युनिकमधल्या फ्रीड्रिख डेकेल यांच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘कंपाउंड’ नावाचं शटर बनू लागलं. त्यात मंद वेग साधण्यासाठी एक बारीक नळकांडं आणि त्यात सरकणारा दट्ट्या असे. हवेच्या दाबाने दट्ट्या अडायचा आणि तेवढा वेळ शटर उघडं राहायचं. पण हवेचा आधार लहरी. १९१२ साली त्याच कारखान्यातून ‘कॉम्पुर’ आलं आणि नळकांड्याच्या जागी घड्याळासारखी दातेरी चाकं बसली. पुढची सहा-सात दशकं रोलायफ्लेक्स, फोक्टलेंडर, झाइस इकॉन अशा असंख्य कॅमेऱ्यांत हे किंवा याच धर्तीचं शटर होतं. काल्मबाखचं ‘प्रॉन्टोर’ आणि जपानचं ‘कोपाल’ याच कुळातली. आपल्याकडे लग्नसराईत मान खाली घालून चौकोनी काचेत बघणारा फोटोग्राफर ज्या यशिका मॅटने फोटो काढायचा, त्यातही कोपालचंच शटर असे.

पाच पाकळ्या आणि एक घड्याळ

या शटरला आपण पाकळ्यांचं शटर म्हणू. लेन्सच्या काचांच्या मधोमध पोलादाच्या, कागदासारख्या पातळ, साधारणपणे पाच पाकळ्या एकमेकींवर थोड्या चढून बसलेल्या असतात. प्रत्येक पाकळीचं एक टोक खिळीवर फिरतं आणि दुसरं एका कड्यात अडकलेलं असतं. कडं किंचित फिरलं की सगळ्या पाकळ्या एकदम बाहेर सरकतात आणि मधून उजेड आत येतो. कडं उलट फिरलं की त्या मिटतात.

कड्याला फिरवते ती स्प्रिंग. आपण शटर चढवतो, म्हणजे लहानशी दांडी सरकवतो किंवा फिल्म पुढे घेणारी मूठ फिरवतो, तेव्हा ही स्प्रिंग ताणली जाते. खटका दाबला की ती सुटते. आता, नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर पाकळ्या उघडून मिटल्या तर मिळतो तो एकच, बराचसा जलद वेग. एक सेकंद, अर्धा सेकंद, १/२५ असे वेग हवे असतील तर पाकळ्या उघड्या असताना कड्याला मध्येच कोणीतरी धरून ठेवायला हवं. हे काम ती दातेरी चाकं करतात. कडं फिरताना चाकांच्या एका टोकाला ढकलतं, चाकं एकमेकांना फिरवत जातात आणि शेवटचं चाक एका हलत्या तुकड्याला टकटक आपटत पुढे सरकतं. एका सेकंदाच्या वेगावर जुना कॅमेरा ‘झर्र्र्र’ असा जो आवाज काढतो, तो या टकटकीचा. वेग वाढवत नेला की चाकं कमी-कमी गुंततात, आणि सर्वांत वरच्या वेगाला ती बाजूलाच होतात. १९३० च्या दशकातल्या ‘कॉम्पुर-रॅपिड’मध्ये १/५०० साठी एक जास्तीची जोरकस स्प्रिंग मदतीला येते. म्हणूनच अशा शटरवर १/५०० चा वेग आधी लावायचा आणि शटर मग चढवायचं, हा नियम आहे. उलटं केलं तर ती स्प्रिंग नको त्या वेळी ताणली जाते.

सगळेच कॅमेरे इतके गुंतागुंतीचे नव्हते. आपल्याकडे घरोघरी असलेल्या आग्फा क्लिक-३ सारख्या डब्याच्या कॅमेऱ्यात एक पातळ पत्रा आणि एक स्प्रिंग एवढाच संसार. तो बंद पडला तर बहुधा स्प्रिंग निसटलेली असते किंवा पत्र्यावर गंज चढलेला असतो.

दुखणं ओळखणं

पाकळ्यांच्या शटरची तक्रार ऐकली की रोग कुठे आहे याचा बराचसा अंदाज येतो.

खटका दाबल्यावर आवाज येतो पण पाकळ्या हलतच नाहीत, किंवा अर्ध्या उघडून तशाच राहतात: पाकळ्यांवर तेल चढलेलं आहे. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की सुटता सुटत नाहीत, तोच प्रकार इथे होतो. पाकळी इतकी हलकी आणि स्प्रिंग इतकी नाजूक असते की तेलाचा डोळ्यांना न दिसणारा थरही तिला पुरून उरतो.

१/१०० आणि १/२५० ठीक चालतात, पण एक सेकंदावर ‘झर्र’ सुरू होऊन मध्येच थांबतं: चाकं जाम आहेत. पाकळ्यांचा यात दोष नाही.

शटर चढतच नाही, किंवा चढतं आणि खटका दबत नाही: आधी सेल्फ टायमरची दांडी बघावी. तिच्यामागेही अशीच चाकांची माळ असते, आणि वर्षानुवर्षं न वापरल्याने सर्वांत आधी तीच अडते. अर्ध्यावर अडलेली दांडी सगळं शटर रोखून धरते. म्हणून जुना कॅमेरा हातात आला की ‘व्ही’ लिहिलेल्या त्या दांडीच्या वाट्याला जाऊ नये.

हे तेल पाकळ्यांवर येतं कुठून? लेन्स पुढे-मागे फिरवण्याच्या आट्यांना कारखान्यात ग्रीस लावलेलं असतं. माळ्यावरच्या ट्रंकेत, उन्हाळ्याच्या तापात त्यातलं पातळ तेल सुटून पसरत जातं आणि मागे राहिलेलं ग्रीस घट्ट होतं. आग्फाच्या आयसोलेट या घडीच्या कॅमेऱ्यांतलं हिरवं ग्रीस तर दुरुस्तीवाल्यांत कुप्रसिद्ध आहे. ते इतकं कडक होतं की पुढची लेन्स डिंकाने चिकटवल्यासारखी घट्ट बसते. कोकणात आणि मुंबईत यात पावसाळ्याच्या दमटपणाची भर पडते: पोलादी पाकळ्यांवर गंजाचे ठिपके, काचांवर बुरशीचं जाळं.

एक गोष्ट मात्र कॅमेरा उघडण्याआधीच तपासावी. १९७० च्या दशकापासून पुढच्या अनेक कॅमेऱ्यांत शटरचा ताबा विजेकडे गेला. १९७६ साली आलेला कॅनन एई-१ बॅटरीशिवाय खटका घेतच नाही. म्हणजे ‘मेलेला’ कॅमेरा पुष्कळदा नुसता उपाशी असतो. नवी बॅटरी घालावी, तिच्या खोबणीतल्या पट्ट्यांवर पांढरट-हिरवट क्षार साचले असतील तर ते खरवडावेत, आणि मगच स्क्रू ड्रायव्हरला हात घालावा.

उघडणं आणि धुणं

साधनं थोडीच लागतात: स्क्रूच्या खाचेत नेमके बसणारे बारीक स्क्रू ड्रायव्हर, टोकदार चिमटा, दोन टोकांचा पान्हा, कापसाच्या काड्या आणि लायटरमध्ये भरायचं पेट्रोल, म्हणजे नॅप्था. हे पेट्रोल झटकन पेट घेतं. खिडकी उघडी हवी, आणि जवळपास निरांजन, उदबत्ती, सिगारेट काही नको.

पुढच्या काचांचा संच उलट्या दिशेने फिरवून निघतो. पण त्याआधी एक काळजी. काही कॅमेऱ्यांत पुढची काच फिरवूनच अंतर जुळवतात. अशी काच काढताना ती कुठल्या आट्यावर सुटली त्याची खूण केली नाही, तर परत लावल्यावर दूरचा डोंगर कायमचा धूसर येतो. बारीक सुईने एक रेघ ओढावी आणि मोबाइलने फोटो काढून ठेवावा. मागचा काचांचा संचही काढून बाजूला ठेवावा, कारण पेट्रोल काचेच्या कडेच्या काळ्या रंगाला लागलं तर तो विरघळू शकतो.

काच निघाली की समोर शटरची तबकडी दिसते. कॉम्पुरमध्ये तिला एक चिमुकला स्क्रू रोखून धरतो. तो सैल करून वरचं कडं फिरवलं की तबकडी सुटते, आणि तिच्याखाली वेगाचं कडं असतं. हे कडं हातात घेऊन बघण्यासारखं आहे. पातळ पत्र्यात वाकड्यातिकड्या, पायऱ्यापायऱ्यांच्या खाचा कापलेल्या असतात, आणि आतल्या चाकांमधून वर आलेल्या बारीक खिळी या खाचांमध्ये बसतात. आपण बाहेरून १/२५ लावतो तेव्हा खाचेची एक विशिष्ट पायरी खिळीला ठरावीक अंतर सरकवते, तेवढी चाकं गुंततात आणि तेवढाच उशीर होतो. कॅमेऱ्यावर कोरलेला प्रत्येक आकडा म्हणजे या पत्र्यातली एक पायरी. कडं परत बसवताना प्रत्येक खिळी आपापल्या खाचेत आहे ना, हे दहा वेळा बघावं. एक जरी बाहेर राहिली आणि वरून जोर दिला, तर ती वाकते, आणि इथून पुढे खरी मोडतोड सुरू होते.

आता धुणं. कापसाच्या काडीला थोडं पेट्रोल लावून मिटलेल्या पाकळ्यांवरून फिरवायचं, शटर ‘बी’वर, म्हणजे खटका दाबून धरू तोवर उघडं राहील अशा खुणेवर, लावून उघडायचं, सोडायचं, पुन्हा उघडायचं. पेट्रोल काही क्षणांत उडून जातं. वाळल्यावर पाकळीवर बघा: थेंबाच्या काठाला तपकिरी वलय उमटलेलं दिसेल. ते विरघळून वर आलेलं जुनं तेल. ते कोरड्या कापसाने टिपायचं आणि पुन्हा पेट्रोल. वलय उमटेनासं होईपर्यंत हेच करत राहायचं. बहुतेक हौशी माणसं इथेच घाई करतात. तिसऱ्या थेंबाला शटर टणटणीत चालू लागतं आणि माणूस खूश होऊन सगळं बंद करतो. पण तेल गेलेलं नसतं, नुसतं पातळ होऊन पसरलेलं असतं. पेट्रोल उडालं की काही दिवसांत ते पुन्हा आवळून धरतं. शटरमध्ये भसाभस पेट्रोल ओतण्याचाही तोच परिणाम. चाकांवरची घाण वाहून थेट पाकळ्यांवर जाऊन बसते.

चाकं मंद असतील तर त्यांच्यावर एक-दोन थेंब सोडून मंद वेगांवर शटर पुन्हा पुन्हा चालवावं. तरीही अडत असतील तर चाकांचा आख्खा संच बाहेर काढून पेट्रोलच्या वाटीत बुडवतात. तो बहुधा दोन-तीन स्क्रूंवर बसलेला असतो. पण पहिल्याच कॅमेऱ्यावर हा प्रयोग करू नये.

तेलाला मज्जाव आहे तो पाकळ्यांवर. तिथे कधीही, कुठलंही नाही. त्या कोरड्याच चालाव्यात अशाच घडवलेल्या असतात. चाकांच्या आसांना घड्याळजी वापरतात ते तेल चालतं, पण तेही सुईच्या टोकावर मावेल इतकंच. डब्ल्यूडी-४० सारखा फवारा तर शटरचा शत्रूच समजावा. तो सगळीकडे पसरतो आणि मागे चिकट थर सोडतो.

पडद्यांची गोष्ट वेगळी

लायका, रशियन झोर्की आणि झेनिट, पेंटॅक्स के-१००० या कॅमेऱ्यांत लेन्समध्ये पाकळ्या नसतात. फिल्मच्या अगदी पुढे रबराचा थर दिलेल्या कापडाचे दोन पडदे असतात. पहिला सरकून उजेड आत सोडतो, दुसरा त्याच्या मागोमाग येऊन तो बंद करतो. वेग वाढतो तसा दोघांमधला फटीचा आकार कमी होतो. १/१००० ला ही फट जेमतेम दोनेक मिलिमीटरची असते आणि तीच फिल्मवरून धावत जाते.

इथली ओळखीची तक्रार म्हणजे फोटोची एक बाजू काळवंडणे. पहिल्या पडद्याच्या रुळाचं वंगण घट्ट झालं की तो रेंगाळतो, मागचा त्याला गाठतो आणि फट वाटेतच मिटते. कॅमेऱ्याच्या तळाशी पडद्यांचा ताण वाढवणारे स्क्रू असतात आणि ते पिळायचा मोह फार होतो. ताण वाढला की रेंगाळणं दडपलं जातं खरं, पण घाणीवर जोर करत चाललेलं यंत्र झिजत जातं. आधी रुळांची टोकं स्वच्छ करून त्यांना नावापुरतं तेल द्यायचं, आणि ताणाला हात लावायचा तो अगदी शेवटी, तोही वेग मोजत.

दुसरी तक्रार छिद्रांची. लायकासारख्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्याची लेन्स उघडी ठेवून तो उन्हात ठेवला, तर लेन्स भिंगाचं काम करते आणि सूर्याचा ठिपका पडद्याला जाळतो. अंधाऱ्या खोलीत लेन्स काढून पुढून दिवा धरायचा आणि मागून बघायचं. पडद्यावर चांदण्या दिसल्या की समजावं. एखादं छिद्र लवचीक काळ्या रबरी रंगाच्या पातळ हाताने बुजतं. कापडच ठिसूळ होऊन चिरा पडल्या असतील तर पडदे बदलावे लागतात, आणि ते घरच्या टेबलावरचं काम नाही. झोर्कीच्या मालकांनी आणखी एक पथ्य पाळावं: आधी शटर चढवायचं, मग वेग बदलायचा.

वेग मोजणं

शटर चालायला लागलं म्हणजे बरोबर चालतं असं नाही. मंद वेग तपासायला आता मोबाइलच पुरतो. स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चौकटी टिपणारा मोबाइल असेल तर जुन्या कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून, समोर पांढरा उजेड ठेवून शटरचं चित्रण करावं आणि शटर किती चौकटींत उघडं दिसतं ते मोजावं. १/२५ ला साधारण दहा चौकटी यायला हव्यात, १/५० ला पाच. वीस आल्या तर १/२५ प्रत्यक्षात १/१२ झालेलं आहे, म्हणजे फिल्मवर दुप्पट उजेड पडतो आहे.

१/१०० च्या पुढे ही पद्धत तोकडी पडते. तिथे उजेडाला प्रतिसाद देणारा सेन्सर संगणकाच्या माइकच्या छिद्राला जोडतात. आवाज नोंदवणारं सॉफ्टवेअर सेकंदाला ४४,१०० नोंदी घेतं, त्यामुळे १/५०० सेकंदाच्या उघडझापीच्याही ८८ नोंदी हाती येतात.

मोजायला लागलं की एक गोष्ट लवकरच कळते. १/५०० लिहिलेलं जुनं शटर खरोखर १/५०० चाललं असं क्वचितच घडतं. ते १/३५० भरलं तर फरक अर्ध्या स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). निगेटिव्ह फिल्म एवढा जास्तीचा उजेड सहज पचवते, स्लाइड फिल्म मात्र कुरकुरते. स्प्रिंग साठ वर्षांत थकलेली असते, तिला तरुण करण्याच्या नादात चांगलं चाललेलं शटर बिघडवण्यात अर्थ नाही. महत्त्वाचं आहे ते सातत्य. दहा वेळा दाबलं आणि दहाही वेळा १/३५० आलं, तर शटर निरोगी आहे. एकदा १/४००, एकदा १/१५० येत असेल तर आत अजून तेल आहे. पुन्हा कापूस, पुन्हा पेट्रोल.

म्हणून दुरुस्ती झाल्यावर कॅमेऱ्याच्या पाठीवर किंवा त्याच्या कातडी पिशवीत एक चिठ्ठी ठेवावी: कोरलेला वेग एका बाजूला, मोजलेला दुसऱ्या बाजूला. फोटो काढताना चिठ्ठीवरचा आकडा धरून लेन्सचं छिद्र लहान-मोठं करायचं. कॅमेरा ठेवून देताना शटर चढवलेलं ठेवायचं नाही, आणि अधूनमधून सगळ्या वेगांवर ते रिकामं चालवायचं. वाकलेली खिळी, तुटलेली स्प्रिंग, चिरलेले पडदे निघाले तर मात्र सगळे सुटे भाग एका डबीत घालून जाणत्या कारागिराकडे जावं. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा आपल्या शहरात जुने कॅमेरे हाताळलेला कोणी असेल त्याच्याकडे. आणि तिथे पहिल्यांदा खरं सांगून टाकावं की आपण आत तेल घातलं होतं का. त्यावर त्याचं अर्धं काम ठरतं.